मोंढ्याच्या कोब्यावर फ्लॅटलँड: बीएमएक्सची सुरुवात कशी करावी

रविवारी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, सौदे नसतात. सेलहॉलचा कोबा मोकळा पडलेला असतो, डोक्यावर पत्रा असतो आणि दोन-चार हमाल सोडले तर हटकायला कुणी नसतं. मी फ्लॅटलँड शिकलो ते तिथं, लातुरात. पहिल्या दिवशी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्या एका मामांनी बराच वेळ माझं पडणं पाहिलं आणि विचारलं, “काय करायलास रे लेकरा? सायकल चालवायलास का तिच्यासंगं कुस्ती खेळायलास?”

मामांचं निदान बरोबर होतं. वीस इंची चाकांची छोटी सायकल घ्यायची, सपाट जागेवर छोट्या गोलात फिरायचं, आणि फिरता फिरता कधी पुढच्याच चाकावर, कधी मागच्याच चाकावर तोलून तिच्या अंगाखांद्यावर खेळायचं, बीएमएक्सच्या या प्रकाराला फ्लॅटलँड म्हणतात. उडायला उतार लागत नाही, घासायला कठडा लागत नाही, शर्यत नसते. जमिनीला पाय लागला की मोडलं, एवढा एकच नियम पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

बीएमएक्सचा, म्हणजे बायसिकल मोटोक्रॉसचा, जन्म १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, दक्षिण कॅलिफोर्नियातला. मोटरसायकलच्या मातीतल्या शर्यती पाहून तिथली पोरं छोट्या सायकली मातीत पळवायला लागली. त्याच दशकाच्या शेवटी बॉब हारो आणि त्याच्या जोडीदारांनी शर्यत बाजूला ठेवून सायकलवर करामती सुरू केल्या, तीच फ्रीस्टाइल. सुरुवातीच्या बऱ्याच करामती उभ्या जागी व्हायच्या: ब्रेक दाबून सायकल थांबवायची आणि तिच्यावर उड्या मारायच्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या केविन जोन्सने चाक फिरतं ठेवून एका करामतीतून दुसरीत शिरायची वाट मोठी केली. आजचं फ्लॅटलँड त्याच वाटेवर आहे. पुढे फिनलंडचा मार्टी कुओप्पा, स्पेनचा विकी गोमेझ, फ्रान्सचा मातियास दांदुआ अशी नावं झाली, आणि जपानमध्ये तर या खेळाचं वेडच आहे. ऑलिम्पिकमध्ये बीएमएक्सची शर्यत २००८ ला आली, उड्यांचा पार्क प्रकार टोकियोला आला. फ्लॅटलँड अजून बाहेरच आहे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असंही नाही. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना तो सायकलवाला आठवत असेल. शाळेच्या पटांगणात बांबू रोवायचा, भोंगा लावायचा आणि सात-सात दिवस सायकलवरून खाली उतरायचा नाही. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, संध्याकाळी गर्दी जमली की हँडलवर बसून उलटं पायडल मारायचा, जमिनीवरचं नाणं उचलायचा. त्याची सायकल साधी, मैदान मातीचं आणि फिरायला एक गोल. आम्ही पोरं दुसऱ्या दिवशी गल्लीत तेच करायला जायचो आणि गुडघे फोडून घ्यायचो. फ्लॅटलँड पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं तेव्हा मला परदेशातलं कुणी आठवलंच नाही, तो भोंग्याखालचा माणूस आठवला.

आधी जागा

सायकलच्या आधी जागा शोधा, कारण जागा नसेल तर सायकल घरात उभी राहते. पाच मीटर बाय पाच मीटर पुरे; आठ बाय आठ मिळाली तर चैन. घोटलेला कोबा सगळ्यात चांगला. शहाबादी फरशी चालते, पण तिच्या सांध्यांत पुढचं चाक अडकतं आणि पावसाळ्यात ती निसरडी होते. पेव्हर ब्लॉक नकोत. डांबरी रस्ता नकोच, तिथं कातडं जातं आणि वर गाड्या. बॅडमिंटनचा हॉल दिसायला सुंदर, पण लाकडावर पेग (चाकाच्या एक्सलला लावलेली, उभं राहायची नळी) आपटला की तुम्ही कायमचे बाहेर. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात स्केटिंगची रिंक असेल तर सकाळी लवकर मोकळी असते, विचारून पाहा. जुन्या वाड्याचं किंवा किल्ल्यातलं दगडी अंगण कितीही मोहात पाडो, तिकडे पेग नेऊ नयेत.

मोंढ्यात बाजार समितीच्या वॉचमनला विचारल्याशिवाय घुसू नका. आणि आधी झाडू मारा. हे मी चेष्टेने सांगत नाही. दसऱ्यानंतर सोयाबीनचा हंगाम लागला की कोब्यावर दाणे सांडलेले असतात, आणि टणक हवा भरलेल्या चाकाखाली सोयाबीनचा एक दाणा म्हणजे छर्रा. पुढच्या चाकावर उभे असताना तो आला तर कळायच्या आत तुम्ही आडवे. हरभऱ्याचंही तेच, तूर जरा बरी. पाणी मारून धूळ बसवायचा विचार मनातही आणू नका. एकतर ओला कोबा घसरतो, दुसरं, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात खेळासाठी पाणी ओतलं तर मामा लोक बरोबर नावं ठेवतील. कोरडा झाडू पुरतो.

वेळ पहाटेची. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, नऊनंतर कोब्यावर पडलं की चटका बसतो आणि उन्हात तापलेल्या टायरमधल्या हवेचा दाब वाढतो तो वेगळाच. सहा ते आठ, बस.

सायकल: काय हवं, काय नाही चालणार

फ्लॅटलँडची खास सायकल वेगळी ओळखू येते. सांगाडा आखूड आणि बुटका, कारण तुम्हाला तिच्यावरून पाय फिरवायचा असतो. पुढचा चिमटा जवळजवळ सरळ, म्हणजे हँडल पूर्ण उलटं फिरलं तरी सायकल बऱ्यापैकी तशीच वागते. दोन्ही चाकांच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी एकूण चार पेग, म्हणजे उभं राहायच्या नळ्या. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, फ्रीकोस्टर; त्याने सायकल मागे गेली तरी पायडल फिरत नाहीत. ब्रेकच्या केबली अशा ओवलेल्या की हँडल गरगर फिरवलं तरी गुंता होत नाही. टायर गुळगुळीत, हवा १०० पीएसआयच्या आसपास.

हे सगळं पहिल्या दिवशी नको. तशी नवी सायकल मराठवाड्यातल्या दुकानात टांगलेली मिळणार नाही, आणि मागवली तर घरात महाभारत. माझा सल्ला: पुण्या-मुंबईच्या बीएमएक्सवाल्यांकडून जुनी साधी स्ट्रीट बीएमएक्स बघा. त्यांच्यात सायकली सतत हात बदलत असतात.

दुकानातली लहान मुलांची “बीएमएक्स दिसणारी” वीस इंची सायकल घेऊन सुरुवात करता येते का? अर्धी. पेग न लावता पहिले दोन महिने तिच्यावर सहज निघतात. पेग लावायचे नाहीत, कारण तिचा एक्सल बारीक असतो; साठ किलोचा माणूस एका बाजूच्या पेगवर उभा राहिला की एक्सल वाकतो, कधी तुटतो. माझा तुटला. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून “काही होत नाही” म्हटलं होतं. पेगसाठी मागे १४ मिलिमीटरचा एक्सल हवा. पुढे १० चालतो, १४ असेल तर उत्तम. पट्टी घेऊन जा, मोजून घ्या.

पेग मात्र गावात बनतात. लेथवाल्याकडे जा, अ‍ॅल्युमिनिअमच्या भरीव रॉडचे साधारण ४० मिलिमीटर जाड आणि १०० ते ११० लांब असे तुकडे कापून घ्या. तळाशी एक्सलच्या मापाचं भोक आणि आठ-दहा मिलिमीटरची भिंत, वरून पाना आत जाईल एवढं पोकळ. १४ च्या एक्सलच्या नटाला बहुधा १७ चा सॉकेट लागतो, १० च्याला १५ चा, तेव्हा सॉकेट सोबत न्या आणि त्याच्या बाहेरच्या मापावर आतली पोकळी करा. बाहेरून नर्लिंग, म्हणजे बारीक खाचा, करायला सांगा, म्हणजे बुटाला पकड येते. बिनखाचांचा गुळगुळीत पेग घामट बुटाखाली साबणासारखा सटकतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींच्या बाजूला राहत असाल तर हे काम दुपारच्या चहाएवढ्या वेळात होतं. लेथवाला “कशाला पाहिजे” विचारेल. करून दाखवा, पुढच्या वेळी तो स्वतः माप सुचवतो.

सायकल दुकानात आणखी तीन कामं करून घ्या. दोन्ही चाकांचा आऊट काढून घ्या आणि तारा कडक करा. मडगार्ड, स्टँड, घंटा, कॅरिअर सगळं उतरवा. हँडलच्या दोन्ही टोकांना बुच घट्ट बसलेत का पाहा, कारण उघडी नळी पोटात घुसली तर टाके पडतात. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. साध्या टायरमध्ये १०० भरायला गेलात तर फुटेल. पुढचा ब्रेक चांगला हवा. कसलेले लोक बिनब्रेकचे खेळतात, तुम्ही आत्ता नाही.

अंगावर हेल्मेट, गुडघ्याला कबड्डीवाले घालतात ते नी-कॅप, नडगीला फुटबॉलचे गार्ड. पायडल नडगीवर एकदा बसलं की हे सांगावं लागत नाही. बूट सपाट तळाचे कॅनव्हासचे; जाड सोलच्या स्पोर्ट्स शूजमध्ये पेग कुठे आहे ते पायाला कळत नाही.

पहिला महिना: गोल आणि उतरणं

कोब्यावर खडूने चार मीटर व्यासाचा गोल काढा. उभं राहून, सीटवर न बसता, त्या रेघेवरून जितकं हळू जमेल तितकं फिरा. दहा फेऱ्या डावीकडून, दहा उजवीकडून. एक बाजू लगेच जमेल, दुसरी परक्यासारखी वागेल. त्या परक्या बाजूला दुप्पट वेळ द्या. मग गोल तीन मीटरचा करा. मग पायडल थांबवून नुसत्या घसरत्या वेगावर अर्धा गोल.

खळ्यावर मेढीभोवती बैलांची पात फिरताना ज्यांनी पाहिलीय त्यांना हे पटकन समजेल: आतला बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, बाहेरचा चालतो. गोलात तुमचा आतला खांदा मेढीकडे झुकलेला, नजर चाकावर नाही तर पाव गोल पुढे. फ्लॅटलँडवाले उगाच गोल फिरत नाहीत. सरळ रेषेत तोल गेला की दोन्ही बाजूंना पडायची भीती असते. गोलात सायकल आत कललेली असते, त्यामुळे एकाच बाजूचा हिशेब सांभाळावा लागतो, आणि जागाही संपत नाही.

याच महिन्यात उतरायला शिका. कुणी शिकवत नाही, आणि बरीचशी दुखणी इथलीच. चालत्या सायकलवरून मागे पाय टाकून उतरा, सायकल पुढे निघून जाऊ द्या. डावीकडे उतरा, उजवीकडे उतरा. एक हात हँडलवर ठेवून बाजूला उतरा. वीस-वीस वेळा करा, कंटाळा येईपर्यंत. पुढे पुढच्या चाकावर असताना तोल जाईल तेव्हा विचार करायला वेळ नसतो, पाय आपोआप जमिनीवर गेला पाहिजे. जे सायकल सोडायला घाबरतात तेच तिच्याखाली सापडतात.

मग जागच्या जागी उभं राहणं. पायडल आडवे, पुढचं चाक थोडं वळवलेलं, पुढचा ब्रेक. ब्रेक किंचित सोडून बोटभर पुढे, दाबून थांब, अंग मागे. सुरुवातीला दोन सेकंद, महिनाअखेर पंधरा झाले तर चांगलं.

एंडो आणि रॉक वॉक

आता चाक उचलू. एंडो म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक वर घेणं. चालण्याच्या वेगाने या, पायडल आडवे, गुडघे-कोपरं सैल. दोन बोटांनी ब्रेक आवळत न्या, झटका नको. त्याच क्षणी कंबर जराशी पुढे. मागचं चाक वीतभर उठेल. उठलं की बूड मागे घेऊन ब्रेक सोडा, चाक खाली. पहिल्या आठवड्यात वीतभरच. पोरं इथे घाई करतात: छाती हँडलच्या पुढे नेऊन ब्रेक करकचून दाबतात आणि सायकलसकट पालथी होतात. हात सरळ रेटलेले असतील तर सायकल तुमच्यापुढे राहते. कोपरं मुडपून हँडलवर आडवे झालात की गेलात.

वीतभराचं हातभर झालं की वर असताना कंबर वळवा. सायकलचं शेपूट तुमच्यामागे येईल. आधी पाव वळण, मग अर्धं. अर्धं वळण पुरं झालं की मागचं चाक टेकतं आणि सायकल उलटी, म्हणजे मागच्या मागे चालायला लागते. तेव्हा मागे नजर टाका, हँडल वळवा आणि मागच्या चाकावर पुढची बाजू फिरवून आणा. दोन अर्धी वळणं मिळून झाला रॉक वॉक. ही पहिली खरी करामत, बघणारे इथे पहिल्यांदा “अरे!” म्हणतात.

इथेच तुम्हाला फ्रीकोस्टर कशासाठी ते कळेल. साध्या हबवर सायकल मागे चालली की पायडलही उलटे फिरतात, आणि तुम्हाला पाय फिरवत राहावं लागतं. फ्रीकोस्टरमध्ये मागे जाताना हब साखळीपासून सुटतो, पायडल स्थिर. पुढे पायडल मारताना तो पकडायला किंचित उशीर करतो, त्याची सवय करावी लागते. पूर्वी खेळाडू कोस्टर ब्रेकच्या (उलटं पायडल मारून लागणाऱ्या ब्रेकच्या) हबमधले ब्रेकचे भाग काढून हे घरीच बनवायचे. तुम्ही पहिलं वर्ष साध्या हबवर काढा. उलटे पाय फिरवायची सवय वाया जात नाही.

पेगवर

मागच्या पेगपासून सुरू करा, तिथं भीती कमी. गोलात घसरत असताना आतला पाय मागच्या पेगवर ठेवा, मग दुसरा. दोन्ही पाय मागच्या पेगवर, हात हँडलला, सायकल चालतेय, एवढंच. मग हात सरळ करून मागे झुका, पुढचं चाक बोटभर उठेल. जास्त उठलं तर मागे पाय टाकून उतरा. उतरणं शिकलेलं इथे कामाला येतं.

पुढच्या पेगवरची पहिली करामत हँग फाइव्ह: एक पाय पुढच्या पेगवर, दुसरा अधांतरी, मागचं चाक हवेत, आणि तुम्ही एकाच चाकावर पुढे जाताय. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथेच बहुतेक जण सायकल विकून टाकतात.

पहिले काही दिवस चाक फिरवूच नका. पुढचं चाक भिंतीला टेकवा, ब्रेक आवळा, एक पाय पुढच्या पेगवर ठेवून चढा आणि दोस्ताला मागून सीट धरून हळूहळू उचलायला सांगा. एका जागी सायकल अचानक हलकी होते, दोस्ताच्या हाताला वजनच लागत नाही. ती उंची अंगात मुरवा. मला वाटलं होतं त्याहून ती बरीच वर होती. सगळ्यांनाच तसं वाटतं. भीतीमुळे आपण चाक अर्ध्यावरच ठेवतो आणि मग ते सारखं खाली पडतं.

मग चालत्या सायकलवर. भरभर चालण्याइतका वेग. अगदी हळू असेल तर तोल राहत नाही. उजवा पाय उजव्या पुढच्या पेगवर, पेग पावलाच्या मध्याला नाही, चवड्याखाली. डावा अजून पायडलवर. सगळं वजन सरळ खाली, एक्सलवर. तुमचं नाक, हँडल आणि एक्सल एका ओळंब्यात. आता डावा पाय पायडलवरून सोडा आणि त्याच क्षणी ब्रेकला टिचकीएवढा स्पर्श करा. मागचं चाक उठतं. ब्रेक लगेच सोडा, धरून ठेवलात तर चाक थांबतं आणि खेळ संपतो. लोंबता पाय आता तराजूच्या काट्यासारखा हलू द्या, त्याला ताठ करू नका. मागचं चाक पडायला लागलं की पुन्हा टिचकी. तुम्ही पुढे कलायला लागलात की ब्रेक पूर्ण सोडून बूड मागे. पडायची वेळ आली तर लोंबता पाय आहेच, तो टेकवा आणि सायकलसोबत दोन पावलं चाला.

मला दोन मीटर जमायला सहा आठवडे लागले, अर्धा गोल जमायला चार महिने. त्यात एक काळ असा होता की आदल्या रविवारी जमलेलं पुढच्या रविवारी गायब. मल्लखांबवाल्या एका मित्राने सांगितलं, अंग आठवड्यातून एकदा शिकत नाही. रोज वीस मिनिटं करायला लागलो, तेही घरामागच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला वळसा घालून, आणि ते थांबलं. रविवारचे तीन तास आणि रोजची वीस मिनिटं यांत मी रोजची वीस मिनिटं घेईन. शिवाय ट्यूशन दोन शिफ्टमध्ये असलेल्या लातुरातल्या पोराकडे तेवढीच असतात.

मोबाइल खाली जमिनीवर, विटेला टेकवून ठेवा आणि बाजूने चित्रण करा. अंगाला जे सरळ वाटतं ते चित्रात वाकडं दिसतं. माझं बूड कायम वीतभर मागे राहायचं, आणि ते मला सांगून नाही, पाहून पटलं.

दर पंधरा दिवसांनी पेगचे नट, हँडलचे स्क्रू आणि ब्रेकचे रबर तपासा. करामती एकाच बाजूला जोर टाकतात, त्यामुळे त्या बाजूच्या तारा आधी ढिल्या होतात आणि चाक पुन्हा आऊट होतं. आमचा सायकलवाला आता चाक पाहूनच विचारतो, “डाव्या अंगाने शिकायलास का उजव्या?”

जोडणं

एकेक करामत सुटी करणं म्हणजे मुळाक्षरं गिरवणं. फ्लॅटलँडची मजा जोडण्यात आहे: एकीतून निघताना दुसरीत पाय आधीच ठेवलेला. स्पर्धेतही परीक्षक अवघडपणाइतकंच हे पाहतात, मध्ये पाय किती वेळा टेकला तेही मोजतात. तुमची पहिली जोड अशी करून पाहा: गोलात घसरत एंडो, अर्धं वळण, मागे चालत असताना पुढची बाजू फिरवून आणा, सायकल सरळ झाली की वेग मरायच्या आत उजवा पाय पुढच्या पेगवर आणि हँग फाइव्ह. उतरताना मागचं चाक हळू टेकवा, पाय पायडलवर, आणि त्याच गोलात पुढे. पाय कुठेही जमिनीला लागता कामा नये.

याच्या पुढे हिचहायकर, स्टीमरोलर, डिकेड अशी नावं ऐकू येतील. ती सगळी याच दोन-तीन सवयींवर उभी आहेत आणि आत्ता त्यांच्यामागे लागून उपयोग नाही. कुणी आधी काय केलं ते पाहून झालं की आपली जोड आपणच बसवायची असते. दोन माणसांची सारखी होत नाही, उंची, पाय, बाजू सगळंच वेगळं. मला आजही सगळ्यात ओढ लागते ती याचीच.

पहिली जोड डाव्या गोलात पुरी झाली त्या सकाळी मी खूश होऊन मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, “आता तिकडून.” म्हणून उजव्या गोलात पुन्हा वीतभराच्या एंडोपासून सुरुवात केली. तुम्हीही तिथूनच करा.